पांढरी साडी, राणी कलर

माझ्या कपाटाचं दार कित्येक वर्षांत नीट लागलेलं नाही. लावायला गेलं की कुठून तरी एखादी ओढणी, नाहीतर परकराची नाडी फटीतून डोकावतेच. आमचे हे, म्हणजे लेकीचे पप्पा, शेतातून आले की त्या नाडीकडं बघत विचारतात, एवढं सगळं घालायला माणसाला अंगं किती लागतात. ज्या माणसानं जन्मभर चौकड्याच्या शर्टाशिवाय दुसरा शर्ट घेतला नाही, आणि तोही फुल बाहीचा घेऊन रोज बाह्या दुमडत बसतो, त्याच्याशी कपड्यांवर काय बोलायचं?

मी फॅशन करते. हे मान वर करून सांगते, कारण आमच्याकडच्या बायका ते कबूल करत नाहीत. छान दिसतंय म्हटलं की लगेच म्हणतात, घरातच पडलेलं होतं. माझं काही घरात पडलेलं नसतं. मी ते शोधून, हात लावून, उन्हात नेऊन रंग बघून, दुकानदाराचं डोकं खाऊन आणलेलं असतं. त्याचं श्रेय मी पडण्याला का देऊ?

पण मोबाइलवर दिसलं की मागवलं, असंही माझं नाही. सासर धाड गावचं, नोकरी बुलढाण्याच्या एका दवाखान्यात सिस्टर म्हणून, रोज जीपनं नाहीतर एसटीनं जाणं-येणं. अशा बाईनं फॅशन कशी करावी याचं माझं स्वतःचं एक शास्त्र आहे. नवीन काही निघालं की आधी ते वर्षभर दुसऱ्यांच्या अंगावर बघायचं. कुठं उसवतं, कुठं फुगतं, कुणाला हसतात, सगळं ध्यानात ठेवायचं. मग त्यातली एकच गोष्ट उचलायची आणि आपल्या जुन्या कपड्यांत अशी बसवायची, की लोकांना काहीतरी बदललंय एवढंच कळावं, काय बदललंय ते सांगता येऊ नये. नवं एक, बाकी सगळं आपलं.

खांद्याला भोकं पाडलेल्या कुर्त्या आल्या तेव्हा मी त्या भोकांच्या जागी त्याच रंगाची जाळी लावून घेतली. हवाही लागली आणि सासूबाईंना बोलायला जागाही राहिली नाही. पलाझो आली तेव्हा मात्र शास्त्र गुंडाळून ठेवलं आणि वर्षभर न थांबता सरळ शिवून घेतली. पहिल्याच दिवशी तिचा घोळ जीपच्या दारात अडकला आणि अर्ध्या वाटेपर्यंत माझा एक पाय दाराला बांधल्यासारखा होता. उतरताना सगळी जीप मदतीला. त्या पलाझोच्या नंतर दोन झकास उशा झाल्या. साडीवर पांढरे बूट घालायची टूम निघाली तेव्हा मी पुन्हा शहाणी झाले, वर्षभर थांबले आणि मग घातले. ड्रायव्हरनं फार काळजीनं विचारलं, सिस्टर, पायाला लागलं का. मी हो म्हटलं आणि पुढच्या सीटवर जागा मिळवली. तीन-चार महिन्यांनी त्याच जीपमधल्या दोन मास्तरणींच्या साडीखालीही पांढरे बूट दिसायला लागले. त्यांच्या पायांना काय लागलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

आता एवढी रंगारूपाची हौस आली कुठून, तर पांढऱ्यातून आली. शाळेत पांढरा शर्ट. नर्सिंगला पांढरा ड्रेस. दवाखान्यात पांढरा ड्रेस. विहारात वंदनेला जायचं तर पांढरी साडी. आम्ही बौद्ध, आमच्याकडं लग्नही पांढऱ्यातच लागतं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत, समोर बसलेल्यांतल्या निम्म्या बायका पांढऱ्यात. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये नवख्या माणसाला मी कुठली ते बोट ठेवून दाखवावं लागतं.

आणि दुर्दैव असं की ज्या वर्षी माझं लग्न ठरलं, त्याच वर्षी राणी कलर निघालेला. तो ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. गर्द गुलाबी, लांबून डोळ्यांत भरणारा. माझ्याबरोबर शिकणाऱ्या पोरी एकामागून एक राणी कलरचे शालू नेसून बोहल्यावर चढत होत्या आणि मी त्यांच्या लग्नात बुंदी खात तो रंग डोळ्यांनी पीत होते. मी देऊळघाटला घरी येऊन मायला सांगितलं की मला राणी कलर पाहिजे. माय पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. दुसऱ्या आठवड्यात ती एकटी एसटीनं जालन्याला गेली, दिवसभर दुकानं पालथी घातली आणि संध्याकाळी एक पांढरी रेशमी साडी घेऊन आली. काठाला जरीची पिंपळपानं. साडी देखणी होती, खोटं कशाला बोलू. पण पांढरी होती. मी तीच नेसले, त्रिशरण-पंचशील घेतलं, फुलं अंगावर पडली आणि मी धाडला आले.

पहिल्याच वर्षी माहेरच्या एका मैत्रिणीचं लग्न निघालं. नेसायला काय, तर तीच पांढरी. मी ती पिशवीत घातली आणि बुलढाण्याच्या बाजारात ओढण्या रंगवून देणारा एक रंगारी होता, त्याच्याकडं नेली. त्यानं काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, बाई, घरी विचारलं का. मी म्हटलं, घरचीच आहे मी. आठवड्यानं साडी हातात आली. आजही कुणी विचारलं तर सांगते, रंग काय झकास चढला होता! पिंपळपानं सोन्याची सोन्याची राहिली आणि मधलं सगळं राणी. मी आरशासमोरून हलायलाच तयार नव्हते.

मैत्रिणीच्या लग्नात मी मिरवले. देऊळघाटच्या मांडवात बायका पदर हातात घेऊन बघत होत्या. माय दुसऱ्या टोकाला बसलेली. ती माझ्याकडं बघत नव्हती, काठाकडं बघत होती. घरी आल्यावर आतल्या खोलीत मला उभं केलं आणि म्हणाली, "सोड ते. दे इकडं."

तिच्या आवाजात असं काही होतं की मी, लग्न झालेली, नोकरी करणारी बाई, निमूट साडी सोडून दिली. धाडला परत आले ती मायची वापरातली सुती साडी नेसून. सासूबाईंनी विचारलं, गेली तेव्हा दुसरी होती ना. मी सांगितलं, मायला फार आवडली, ठेवून घेतली.

पण निघायच्या आधी मायनं मला एकदाच सांगितलं होतं, आणि ते मला पाठ आहे. माझी आजी, म्हणजे मायची आई, तिच्या लग्नात दुसऱ्याच्या घरचं उतरलेलं लुगडं नेसून उभी राहिली होती. ते कुणाच्या घरचं, हे सगळ्या गावाला ओळखू येत होतं. मायच्या लग्नापर्यंत काळ बदलला आणि तिला कोरी पांढरी साडी मिळाली.

"पांढरं जुनं असलं तं लपत नाही," ती म्हणाली. "म्हनून पांढरं. कोरं हाये, हे सगळ्यायले दिसलं पाहिजे."

मला ते तेव्हाही समजलं. मी काही दगड नव्हते. पण समजलं म्हणून राणी कलर आवडेनासा होत नाही, आणि माय म्हणते म्हणून तो रंग काही साडीतून निघणार नव्हता. त्यानंतर आम्ही मायलेकी मिठापासून माझ्या बुटांपर्यंत सगळ्यावर भांडलो, पण त्या साडीचं नाव दोघींपैकी एकीनंही काढलं नाही. ती ट्रंकेत आहे एवढं मला माहीत होतं. वर्षं गेली, लेक झाली, मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली, आणि तिचं लग्न ठरलं.

तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, ही राणी कलरमध्ये उभी राहणार.

आता आमच्याकडंही पोरी विधीला पांढरी साडी नेसतात आणि जेवणाच्या वेळी बदलून लाल-हिरव्या घागऱ्यात येतात. मला ते अर्धवट वाटतं. जिलेबी वाढताना घातलेल्या रंगाला काय अर्थ आहे? लग्नाचा खरा फोटो एकच असतो, गाथा चालू असताना फुलं अंगावर पडतात तो. माझ्या त्या फोटोत मी दिसत नाही. लेकीच्या त्या फोटोत मला राणी कलर पाहिजे होता. मी बुलढाण्यात सगळी दुकानं हिंडून राणी रंगाचं अस्सल रेशमी कापड घेतलं आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं. येता-जाता दार उघडून बघायची. दार तसंही बंद होत नव्हतंच.

लेकीला व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं. ती मला मम्मी म्हणते. मी मायला माय म्हणते, एवढ्यात आमच्या घराचा सगळा इतिहास आला. तर ती म्हणाली, मम्मी, कापड मस्त आहे, पण यंदा आयव्हरी चालू आहे. मी विचारलं, ते काय असतं. तिनं फोटो पाठवले. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. एकामागून एक नवऱ्या, मोठमोठ्या घरच्या, आणि सगळ्या पांढऱ्या साड्यांत.

"हे पांढरं आहे," मी म्हटलं.

"आयव्हरी आहे, मम्मी."

"मी पंचवीस वर्षं पांढरा ड्रेस घालून इंजेक्शनं देते. मला पांढरं ओळखू येतं."

ती हसायला लागली. मग तिनं सांगितलं की पांढऱ्याच्या जवळचे सगळेच रंग चालू आहेत, फिका गुलाबी, फिका निळा, फिका हिरवा. ते फोटोही पाठवले. मला तर सगळ्या साड्या चुकून सोड्यात भिजवल्यासारख्या दिसल्या. पण खरी गोष्ट पुढंच होती. आणखी एक फॅशन म्हणे आली होती, नवरीनं आपल्या आईची लग्नातली साडी नेसायची. हिनं अल्बम पाहिला होता. तिला माझी ती पांढरी, पिंपळपानांच्या काठाची साडीच पाहिजे होती.

माझं डोकंच फिरलं. जन्मभर ज्या रंगापासून मी पळाले, तो पुण्याला जाऊन, नाव बदलून, माझ्याच लेकीच्या डोक्यात शिरून घरी आला होता. मी तिला काय काय बोलले ते आता आठवत नाही, फोन ठेवला आणि भांडी आपटायला घेतली. लेकीचे पप्पा आत आले. काय झालं विचारलं. तुमच्या पोरीला पांढरी साडी पाहिजे, मी म्हटलं. ते म्हणाले, मग नेसू दे. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या शेतातल्या मिरच्यांकडं बघा. ते खरोखरच निघून गेले, बिचारे.

रविवारी मी स्वतःच फोन केला आणि तिला साडीची सगळी हकिगत सांगितली, रंगाऱ्यापासून सुती साडीपर्यंत. ती इतका वेळ हसली की मला वाटलं फोन बिघडला. आता तरी विषय मिटला म्हणून मी मनात खूश होते. ती साडी पांढरी राहिलेलीच नाही, तर नेसणार काय? आणि ट्रंकेतून निघालीच, तर ती राणी कलरची निघणार. दोन्हीकडून माझंच भलं होतं. तर ती हसणं थांबवून म्हणाली, पण ती आजीकडं आहे ना अजून? आणि पुढच्या शनिवारी पुण्याहून निघून ती धाडला न येता सरळ देऊळघाटला गेली. मीही दवाखान्यातून तिकडंच गेले.

माय आता सत्तरीच्या पुढं गेली आहे. भाऊ-वहिनीजवळ राहते, गुडघे दुखतात, पण जीभ ठणठणीत आहे. नातीनं साडी मागितली तसं तिनं आधी माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. तिला वाटलं, मीच पढवून आणली. मी हात वर केले. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, कमरेच्या किल्लीनं ट्रंक उघडली आणि तळातून एक धुतलेल्या धोतराचं गाठोडं काढलं. कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच खाटेवर ठेवून गाठ सोडली.

मी पुढं वाकले. इतक्या वर्षांनी माझा राणी कलर दिसणार होता.

साडी निघाली. पिंपळपानं तीच होती, जरा मंदावलेली. आणि मधलं सगळं फिकं गुलाबी. इतकं फिकं की नीट बघावं तेव्हा गुलाबी दिसावं.

हे कुणी केलं, मी विचारलं. वहिनीनं सांगितलं. दरवर्षी ऊन तापायला लागलं की माय रिठे भिजत घालायची, ही साडी काढायची, बादल्यांवर बादल्या पाणी बदलत धुवायची आणि गच्चीवर टाकायची. वहिनीला मदतीला घेत नव्हती. गुडघे धरल्यापासून जिना बसत बसत चढायची, पण वर स्वतःच जायची. वहिनीला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी असतं एकेक. माझ्याजवळ बोलायचं नाही अशी तिला सक्त ताकीद होती.

"तुनं चढवला," माय माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्या म्हटलं, मी उतरवीन. अजून दोन-चार उन्हाये भेटले असते तं झाली असती पांढरी."

मला राग आला. खरंच आला. माझा रंग होता तो, आयुष्यात मी माझ्या मनानं केलेली पहिली फॅशन, आणि ही बाई पंचवीस वर्षं दरसाल तिला घासून काढत होती. आणि त्या रागातच रडूही आलं, कारण माझ्या एका रंगाशी एवढं भांडण दुसरं कोण करणार होतं? मी तर ती साडी एका लग्नात मिरवली आणि विसरून गेले. हिनं ती सांभाळली, माझ्यावर चिडून का होईना. मी खाटेवर बसले आणि पदराला नाक पुसलं. मायनं ताबडतोब साडी माझ्यापासून लांब सरकवली.

लेकीचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ती मोबाइल साडीजवळ धरून एक फोटो लावून बघत होती. मग तो आम्हाला दाखवला. मोठ्या घरची नवरी, आणि तिच्या अंगावर हाच रंग, अगदी हाच, उन्नीस-बीसचाही फरक नाही. यंदा पोरी हा रंग शोधत फिरत आहेत, ती म्हणाली, आणि तो आजीच्या ट्रंकेत आहे.

माय म्हणाली, हे पांढरं नाही, विधीला चालणार नाही. लग्नाला अजून दोन महिने आहेत, मी आणखी धुते. मी म्हटलं, खबरदार हात लावला तर, उलट पुन्हा रंगाऱ्याकडं नेऊ. एका क्षणात आम्ही दोघी पूर्वीच्या जागेवर. वहिनी चहा ठेवायला पळाली. शेवटी लेकीनं साडी उचलून स्वतःच्या पिशवीत घातली आणि म्हणाली, हे बघा, ही मला अशीच पाहिजे. कुणी धुवायची नाही, कुणी रंगवायची नाही.

तिथं माझं शास्त्र कामाला आलं. नवं एक, बाकी सगळं आपलं. फिका रंग हे नवं, ते तिचं. मग ब्लाउज माझं. मी कपाटातलं ते राणी रेशीम काढलं आणि त्याचं कोपरापर्यंत बाहीचं ब्लाउज शिवायला टाकलं. फिक्या साडीवर गर्द ब्लाउज, हेही चालू आहे, मी चौकशी केली होती. मायनं अट घातली की विधीपुरती खांद्यावर पांढरी शाल पाहिजे. ती दिली. पण धाडच्या शिवणारीकडं त्या ब्लाउजच्या पाठीच्या गळ्यावरून जे झालं, ते विचारू नका. मी सांगून यायची, जरा खाली घ्या. माय भावाच्या मोबाइलवरून फोन करायची, वर घ्या. शेवटी शिवणारीनं लेकीलाच पुण्याला फोन लावला आणि दोघींचे नंबर उचलणं बंद केलं.

लग्न बुलढाण्याला झालं, भर दुपारी. लेक स्टेजवर आली तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. फिकी गुलाबी साडी, सोन्याची पिंपळपानं, पांढऱ्या शालीखालून निघालेल्या राणी बाह्या. सगळीकडं पांढरे कपडे आणि त्यात त्या दोन बाह्या हॉलच्या दारातून ओळखू येत होत्या. गाथा सुरू झाली, फुलं पडायला लागली आणि फोटोवाल्यानं तो फोटो काढला. मी डोळे पुसले नाहीत, काजळ नवीन होतं, पसरलं असतं. मायनं मात्र बाजूला बसून खुशाल पदर डोळ्यांना लावला, आणि वर मलाच विचारलं, तू काऊन रडून राह्यली.

पुण्याहून आलेल्या लेकीच्या मैत्रिणी साडीभोवती जमल्या. हा शेड कुठं मिळाला, कुठल्या बुटीकमध्ये करून घेतला, सगळ्या विचारत होत्या. लेकीनं आजीकडं बोट दाखवलं. मायनं सांगितलं, गच्चीवर. त्या पोरी एकमेकींकडं बघत राहिल्या. एकीनं तर मोबाइलवर ते दुकान शोधायलाही घेतलं.

मग पंगत बसली. लेक आणि जावई समोर, मी आणि माय वाढणाऱ्यांच्या मागंमागं. वांग्याची भाजी वाढताना वाढप्याचा हात हलला आणि तेलकट रश्श्याचा एक थेंब लेकीच्या निऱ्यांवर पडला. चांगला रुपयाएवढा. मी नर्स आहे, डाग दिसला की माझे हात आधी चालतात. पाण्याचा पेला उचलला, हात धुवायच्या जागेवरून साबण आणायला वहिनीला पिटाळलं आणि निरी हातात घेतली.

तेवढ्यात मायनं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, त्या वयात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. ती डागाकडं बघत होती, मग तिनं निरीवरून हात फिरवला, सावकाश, त्या उरलेल्या गुलाबी रंगावरून.

"राहू दे," ती म्हणाली. "आता नोको धुऊ. रंग जाईन."

मी पेला खाली ठेवला.